‘इन द सेम बोट’ : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘इन द सेम बोट’ म्हणजे नेमकं काय?

शब्द घेतले तर ‘एकाच होडीत’. बोलणाऱ्याला सांगायचं असतं ते असं : जी अडचण तुझ्यापुढे आहे तीच माझ्याही पुढे आहे. अडचण लहान असो की मोठी. विमान रद्द झाल्यामुळे रात्रभर विमानतळावर अडकलेले अनोळखी प्रवासी एकमेकांना हे म्हणतात, आणि कारखाना बंद होणार असं कळलेले कामगारही म्हणतात.

मात्र या वाक्प्रचाराच्या पोटात दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की बाकीचं बरंच सोपं होतं. पहिला अर्थ सारख्या अडचणीचा. तुम्हाला रात्री झोप लागत नाही, मलाही लागत नाही. तुमची झोप सुधारली म्हणून माझी सुधारणार नाही. दोघांच्या अडचणी फक्त एकसारख्या आहेत. दुसरा अर्थ सामायिक अडचणीचा. आपण एकाच धंद्यात भागीदार आहोत. धंदा बुडाला तर दोघंही बुडणार, तरला तर दोघंही तरणार. रोजच्या बोलण्यात पहिला अर्थ जास्त चालतो. भाषणं, निवेदनं, वाटाघाटी यांत दुसरा. बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि ऐकणाऱ्याला दुसरा ऐकू येतो, तेव्हा हे साधं वाक्य माणसाला लागतं. खालची बरीच उत्तरं याच फरकाकडे परत येतात.

वाक्यात कसा बसवायचा?

सर्वांत सोपी रचना ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाबरोबर : ‘आय ॲम इन द सेम बोट’, ‘दे वेअर इन द सेम बोट’. दोघांबद्दल बोलायचं तर ‘बोथ’ आणि अनेकांबद्दल बोलायचं तर ‘ऑल’, तेही क्रियापदानंतर : ‘वुई आर बोथ इन द सेम बोट’, ‘वुई आर ऑल इन द सेम बोट’.

कोणासारखी अवस्था आहे हे सांगायचं असेल तर पुढे ‘ॲज’ येतो. ‘शी इज इन द सेम बोट ॲज यू’, म्हणजे तिचीही तुझ्यासारखीच गत आहे. मराठी माणसाच्या मनात इथे ‘सारखं’ हा शब्द असतो, त्यामुळे ‘ॲज’ऐवजी ‘लाइक’ तोंडात येतं. ते टाळा. ‘विथ’ही काही जण वापरतात आणि तो चुकीचा नाही, पण शिकताना ‘ॲज’ पक्का करावा.

अवस्था आपण निवडलेली नाही, नकळत तिच्यात येऊन पडलो, हे दाखवायला ‘फाइंड’ छान बसतो : ‘वुई फाउंड अवरसेल्व्ह्ज इन द सेम बोट.’ एखाद्या गोष्टीने सगळ्यांना एकाच अडचणीत लोटलं असेल तर ‘पुट’ : ‘द न्यू रूल पुट्स अस ऑल इन द सेम बोट.’ आणि अवस्था जवळपास सारखी आहे, अगदी तीच नाही, असं प्रामाणिकपणे सांगायचं असेल तर ‘प्रिटी मच इन द सेम बोट’. हा शेवटचा प्रकार जरूर शिका. ‘प्रिटी मच’ एवढ्या दोन शब्दांनी समोरच्याच्या दुःखावर पूर्ण हक्क सांगितला जात नाही.

‘ऑन द सेम बोट’, ‘इन अ सेम बोट’, ‘इन द सेम बोट्स’ यांपैकी काय चालतं?

काहीच नाही. ‘इन’ आणि ‘द’ ठरलेले आहेत. ‘ऑन द सेम बोट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला खरंच एखादी बोट आणि तिचं तिकीट आठवेल. माणसं कितीही असली तरी बोट एकच असते, म्हणून अनेकवचन होत नाही. वाक्प्रचाराचा सगळा जोर त्या एकवचनावरच आहे.

बोलताना आवाजाचा जोर ‘सेम’ आणि ‘बोट’ या दोन शब्दांवर द्यावा. ‘इन द’ पटकन उरकावं.

आनंदाच्या प्रसंगी वापरता येतो का?

नाही. दोघांनाही बढती मिळाली आणि तुम्ही ‘वुई आर इन द सेम बोट’ म्हणालात, तर समोरचा विचारेल, ‘का, काय झालं?’ या होडीत बसणारा काहीतरी सोसत असतो किंवा निदान चाचपडत असतो. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी आलेले दोन जण हे एकमेकांना म्हणू शकतात, कारण तिथे दुःख नसलं तरी अवघडलेपण असतं. इतपत सैलपणा चालतो, त्यापलीकडे नाही.

हा वाक्प्रचार आला कुठून?

एखादं ठरावीक जहाज बुडालं आणि त्यातून हा जन्मला, असं नाही. तो फार जुना आहे आणि इंग्रजीच्याही आधीचा आहे.

रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ५३ च्या सुमारास आपला तरुण मित्र कुरिओ याला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. कुरिओ तेव्हा रोमपासून दूर, आशिया प्रांतात कामावर होता. रोममधला कारभार बिघडत चालला होता. सिसेरो त्याला लिहितो, की तू जिथे कुठे असशील तिथे याच नावेत आहेस. होडी इथे म्हणजे राज्य. माणूस समुद्रापलीकडे असला तरी राज्य बुडालं तर तोही बुडणार, हा त्यातला भाव. हा सामायिक अडचणीचा अर्थ आहे, आणि तोही इतका स्पष्ट की अंतराने त्यात काही फरक पडत नाही.

इंग्रजीतला सुरुवातीचा एक प्रसिद्ध दाखला १५८४ चा आहे. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाच्या दरबारातला कवी टॉमस हडसन याने दू बार्तास या फ्रेंच कवीच्या, ज्यूडिथ या प्राचीन ज्यू कथेतल्या नायिकेवरील काव्याचं भाषांतर केलं. त्यात एक जण म्हणतो त्याचा आशय असा : तुम्हाला वेदना आहेत, तशा आम्हालाही आहेत, कारण आपण दोघेही एकाच नावेत चढलो आहोत. पुढे एकच भरती आणि एकच वादळ दोघांना हेलकावतं, असंही येतं. तिथे अजून ‘सेम’ नाही, ‘वन बोट’ आहे. ‘सेम बोट’ हे रूप नंतर रुळलं.

या दोन्ही दाखल्यांत अर्थ एकमेकांना बांधलेल्या नशिबाचा आहे. ‘मलाही सर्दी झाली आहे’ या थाटाचा हलका अर्थ पुढच्या काळातल्या रोजच्या बोलण्यातून जास्त पसरला. म्हणून कोणी हा वाक्प्रचार अगदी गंभीरपणे वापरला तर त्याला जुन्या पठडीचा समजू नका. तो मूळ अर्थाच्या जवळ उभा आहे.

होडीच का? गाडी, घर किंवा रस्ता का नाही?

कारण होडीतून मध्येच उतरता येत नाही. घर सोडता येतं, रस्ता बदलता येतो. पाण्याच्या मधोमध असलेल्या होडीत भांडण झालं तरी भांडणारे दोघं तिथेच राहतात. शिवाय छिद्र एका टोकाला पडलं तरी पाणी सगळ्यांच्या पायांशी येतं.

हे मानवजातीला फार आधी उमगलं होतं. ज्यू परंपरेतल्या लेवीय ग्रंथावरील जुन्या भाष्यात रब्बी शिमोन बार योहाई यांच्या नावाने एक दृष्टांत येतो. काही माणसं नावेत बसलेली असतात. त्यांपैकी एक जण गिरमिट काढून आपल्या जागेखाली भोक पाडायला लागतो. इतर ओरडतात तेव्हा तो म्हणतो, मी माझ्या जागेखाली पाडतोय, तुम्हाला काय त्याचं? ते म्हणतात, पाणी वर येईल आणि आम्हा सगळ्यांना बुडवेल. सामायिक अडचण म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात सांगणं कठीण आहे.

चीनमध्ये सुन त्झू यांच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात, अकराव्या प्रकरणात, वू आणि युए या राज्यांतल्या लोकांचा उल्लेख आहे. दोन्ही राज्यांचं हाडवैर. पण तेच लोक एका नावेतून नदी ओलांडत असताना वादळ उठलं, तर डाव्या हाताने उजव्याला सावरावं तसे एकमेकांच्या मदतीला येतील, असं सुन त्झू म्हणतात. यावरून चिनी भाषेत ‘थोंग चौ कोंग ची’ हा चार अक्षरांचा वाक्प्रचार रूढ झाला : एकाच नावेतून, मिळून पार. चिनी वाक्प्रचारात वल्हवणं आतच आहे. इंग्रजी वाक्प्रचार फक्त बसल्याचं सांगतो. पुढे काय करायचं ते बोलणाऱ्यावर सोडतो. इंग्रजीत तो वापरताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

युरोपातल्या इतर भाषांतही होडी आहे. जर्मन माणसं ‘एकाच बोटीत बसलो आहोत’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘त्याच बोटीत’ आहेच, पण बोलीभाषेत ‘त्याच गालेरमध्ये’ असंही म्हणतात. गालेर म्हणजे वल्ह्यांनी चालणारं जुनं जहाज. फ्रान्समध्ये शिक्षा झालेल्या कैद्यांना त्यावर वल्ही मारायला लावत. सोसण्याचा भाव तिथे कितीतरी जास्त गडद आहे.

वरिष्ठांनी हाताखालच्या माणसांना ‘वुई आर ऑल इन द सेम बोट’ म्हणावं का?

बहुतेक वेळा म्हणू नये. सर्वांत जास्त दुखावणारा वापर हाच आहे.

समजा, पगार कपातीची घोषणा आहे. वरिष्ठ अधिकारी सगळ्यांना इंग्रजीत पत्र पाठवतात आणि त्यात हे वाक्य असतं. त्यांना म्हणायचं असतं की मंदी सगळ्यांवर आली आहे. ते खरंही असेल. पण ज्याचा पगार महिन्याच्या शेवटापर्यंत पुरत नाही त्याला ‘सेम’ हा शब्द ऐकू येतो आणि तो लगेच मोजायला लागतो : यांची कपात किती, माझी किती? यांची नोकरी गेली तर काय, माझी गेली तर काय? होडी एकच असली तरी बुडण्याची भीती एकसारखी नसते.

१५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडालं. सगळे प्रवासी खरोखर एकाच जहाजावर होते, हिमनग एकच, पाणीही तेवढंच थंड. तरी पहिल्या वर्गातल्या प्रवाशांपैकी दहांत सुमारे सहा जण वाचले आणि तिसऱ्या वर्गातल्यांपैकी चारांत सुमारे एक. एका जहाजावर असणं आणि एकसारखं संकट सोसणं यांत केवढं अंतर असू शकतं, हे त्या आकड्यांत दिसतं.

राजकारणातही हे घडलं आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली हुजूर पक्षाच्या अधिवेशनात जॉर्ज ऑस्बर्न यांनी ‘वुई आर ऑल इन धिस टुगेदर’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वापरलं. हा आपल्या वाक्प्रचाराचा सख्खा भाऊ. पुढच्या वर्षी ते अर्थमंत्री झाले आणि सरकारी खर्चात कपात सुरू झाली, तेव्हा टीकाकारांनी तेच वाक्य उलटवून वर्षानुवर्षं विचारलं : सगळे म्हणजे नक्की कोण?

मग वरिष्ठांनी म्हणावं तरी काय? आपल्यावर काय आलं आहे ते आधी नेमकं सांगावं. माझाही पगार इतका कमी होणार आहे, अमुक तारखेपासून, असं. तेवढं सांगितल्यावर होडीचं नाव काढलं नाही तरी चालतं. आणि आपल्यावर फारसं काही आलेलं नसेल तर तसं कबूल करून, तुमच्यासाठी मी काय करू शकतो ते सांगावं. ऐकणाऱ्याला आपल्या शेजारी कोणी बसलंय का, यापेक्षा कोणी वल्हं हातात घेतंय का, याची जास्त गरज असते.

‘होडी एक नाही, वादळ एक आहे’ असं म्हणतात ते काय?

२०२० मध्ये कोविडच्या साथीत ‘वुई आर ऑल इन द सेम बोट’ हे जगभर ऐकू येत होतं. त्यावर उत्तर म्हणून इंग्रजीत हा विचार झपाट्याने पसरला : आपण एका होडीत नाही, एका वादळात आहोत, कोणाकडे मोठं जहाज आहे, कोणाकडे फुटकी नाव. टाळेबंदी एकच होती. पण प्रशस्त घरात बसून संगणकावर काम करणं वेगळं, आणि एका खोलीत पाच जणांनी, हाताला काम नसताना राहणं वेगळं.

आता हा दुसरा प्रयोगही रूढ झाला आहे. ‘सेम स्टॉर्म, डिफरंट बोट्स’ असं कोणी म्हणालं तर त्याला हेच सुचवायचं असतं. संकटाचं कारण समान आहे पण सोसणं असमान आहे, असं दाखवायचं असेल तेव्हा वापरण्यासारखा आहे. इथे मात्र ‘बोट्स’ अनेकवचनी होतं, कारण होड्या खरंच वेगवेगळ्या आहेत.

कोणाचं माणूस गेलं असेल तर सांत्वनासाठी वापरावा का?

नको. तुमचंही माणूस अलीकडेच गेलं असलं तरी नको. शोक ज्याचा त्याचा असतो, आणि ‘आपण एकाच होडीत’ म्हटल्यावर बोलणं नकळत त्याच्या दुःखावरून तुमच्या दुःखावर सरकतं. शिवाय शब्दांचा सूर थोडा अनौपचारिक आहे. रांगेत ताटकळताना जे म्हणतो तेच शोकपत्रात शोभत नाही. ‘आय लॉस्ट माय फादर लास्ट यिअर टू, आय ॲम हिअर इफ यू वॉन्ट टू टॉक’ अशी दोन साधी वाक्यं पुरतात. त्यांत अनुभव सांगितला जातो, पण बरोबरी केली जात नाही.

आजारपणाचंही तसंच. एकाच आजाराचे रुग्ण एकमेकांना हा वाक्प्रचार मोकळेपणाने म्हणतात आणि त्याने त्यांना खरंच बळ येतं. एकटेपणाचा भार त्या चार शब्दांनी हलका होतो, हे त्याचं मोठं काम आहे आणि ते कमी लेखू नये. पण निरोग्याने रुग्णाला म्हणू नये.

मग खरंच शोभतो कधी?

जेव्हा तुम्ही होडीत आहात याबद्दल समोरच्याला शंका नसते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन विद्यार्थ्यांमध्ये. पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांमध्ये. परक्या देशात व्हिसाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्यांमध्ये. नोकरी गेलेल्या दोघांमध्ये, दोघांचीही खरंच गेली असेल तर.

आणखी एक सुंदर वापर आहे तो भांडणाच्या वेळी. दोन विभाग चुकीचं खापर एकमेकांवर फोडत असतात, तेव्हा कोणीतरी म्हणतं, ‘लुक, वुई आर इन द सेम बोट हिअर.’ म्हणजे, हे काम फसलं तर दोघांचंही फसणार आहे. इथे सामायिक अडचणीचा जुना अर्थ पूर्ण ताकदीने काम करतो. सुन त्झू यांच्या नावेतल्या वैऱ्यांना हेच तर ऐकवायचं होतं.

कोणी मला ‘आय ॲम इन द सेम बोट’ म्हटलं तर काय उत्तर द्यावं?

नुसतं ‘ओह, ओके’ म्हणून थांबू नका. समोरच्याने स्वतःचं काहीतरी उघड केलेलं असतं. ‘रिअली? हाउ आर यू मॅनेजिंग?’ असं विचारावं. ‘म्हणजे तूही? मग कसं निभावतोयस?’ एवढंच. संवाद तिथून पुढे जातो आणि कधी कधी उपयोगाचा एखादा उपायही हाती लागतो.

समोरचा होडीत नाही असं तुम्हाला मनापासून वाटत असेल आणि ते सांगणं गरजेचं असेल, तर ‘आय ॲम नॉट शुअर वुई आर इन द सेम बोट’ म्हणता येतं. ‘वुई आर नॉट इन द सेम बोट’ हे थेट रूप कडक लागतं, पण काही वेळा ते म्हणावंच लागतं, विशेषतः ज्याच्या हातात निर्णय आहे तो स्वतःला तुमच्या बरोबरीने बसवत असेल तेव्हा. त्यानंतर लगेच फरक कशात आहे ते एका वाक्यात सांगा. नाहीतर ते फक्त रागाचं वाक्य राहतं.

‘वुई आर इन धिस टुगेदर’ आणि हा वाक्प्रचार एकच का?

जवळचे आहेत, एकच नाहीत. ‘इन द सेम बोट’ हे निरीक्षण आहे : तुझी आणि माझी अवस्था एक आहे. ‘इन धिस टुगेदर’ हे आश्वासन आहे : मी तुला सोडून जाणार नाही. त्यामुळे अनोळखी माणसाला पहिलं चालतं, दुसरं जरा जास्त होतं. जोडीदाराला मात्र दुसरंच म्हणावं. कर्ज दोघांच्या नावावर असताना नवऱ्याने बायकोला ‘वुई आर इन द सेम बोट’ म्हटलं तर तो नुसतं खातं वाचून दाखवतोय असं वाटेल.

यासारखे आणखी कोणते इंग्रजी प्रयोग आहेत?

‘दॅट मेक्स टू ऑफ अस’ आणि ‘यू अँड मी बोथ’ हे झटपट प्रतिसाद आहेत. कोणी म्हणालं, मला या सूचना कळतच नाहीत, तर तुम्ही म्हणायचं, ‘दॅट मेक्स टू ऑफ अस’, म्हणजे मलाही नाही कळत. ‘जॉइन द क्लब’ किंवा ‘वेलकम टू द क्लब’मध्ये थोडी थट्टा असते : आम्ही आधीपासून इथे आहोत, ये. जवळच्या माणसातच वापरावं.

‘मिझरी लव्ह्ज कंपनी’ वेगळं आहे. दुःखी माणसाला दुसरा दुःखी सोबत असला की बरं वाटतं, असा त्याचा अर्थ, आणि त्यात बहुधा टोचणी असते. सहानुभूती दाखवायला ते वापरू नका.

‘ऑन द सेम पेज’शी गल्लत फार होते. त्याचा अडचणीशी संबंध नाही. ते एकमत झाल्याचं सांगतं. दोन माणसं एकाच होडीत असून एकाच पानावर नसू शकतात, म्हणजे संकट एक पण उपायावर मतभेद. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ माणसांच्या स्वभावाबद्दल आहे, परिस्थितीबद्दल नाही. आणि ‘इन युअर शूज’मध्ये तुम्ही दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करता, तुम्ही तिथे नसता. होडीत नसाल तर हा प्रयोग जास्त प्रामाणिक आहे : ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन बीइंग इन युअर शूज.’

होडीचे इतर वाक्प्रचार?

‘मिस द बोट’ म्हणजे संधी हुकणं. ‘रॉक द बोट’ म्हणजे सुरळीत चाललेलं बिघडवणं, लोकांना अस्वस्थ करणारं काही बोलणं किंवा करणं. ‘व्हॉटेव्हर फ्लोट्स युअर बोट’ म्हणजे तुला जे आवडेल ते कर. हे अनौपचारिक आहे. ‘पुश द बोट आउट’ ब्रिटिश आहे आणि त्याचा अर्थ हात सैल सोडून खर्च करणं. यांचा सामायिक संकटाशी काही संबंध नाही.

मराठीत भाषांतर करताना काय लिहावं?

‘आपण सगळे एकाच नावेतले प्रवासी आहोत’ हे मराठीत रुळलं आहे आणि लेखात, भाषणात चांगलं दिसतं. बोलण्यात मात्र ‘तुझी जी गत तीच माझी’, ‘माझंही तेच चाललंय’ हे जास्त खरं वाटतं. विशेषण हवं असेल तर ‘समदुःखी’ आहेच.

म्हणी निवडताना वर सांगितलेला फरक उपयोगी पडतो. ‘घरोघरी मातीच्या चुली’ सारख्या अडचणीची आहे : प्रत्येक घरात तेच, पण ज्याचं त्याचं वेगळं. भागीदारांच्या सामायिक संकटाला ती लागू पडत नाही. तिथे ‘एकाच नावेतले प्रवासी’ हेच वापरावं. ‘एकाच माळेचे मणी’ वापरू नका, कारण त्यात नावं ठेवण्याचा सूर आहे. सगळे सारखेच लबाड, असं ऐकू येतं. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही उलट बाजूची म्हण आहे. संकट आज एकावर आहे, उद्या दुसऱ्यावर येणार आहे, पण दुसऱ्याला ते कळलेलं नाही. एखाद्या इंग्रजी मजकुरात ‘दे डोन्ट रिअलाइज दे आर इन द सेम बोट’ असं वाक्य आलं तर ही म्हण तिथे नेमकी बसेल.

परीक्षेत आणि औपचारिक लेखनात चालतो का?

तोंडी परीक्षेत चालतो. आयईएल्टीएससारख्या इंग्रजी भाषेच्या परीक्षांत वरच्या श्रेणीसाठी वाक्प्रचारांचा सहज वापर पाहिला जातो, आणि हा वाक्प्रचार इतका सर्वपरिचित आहे की ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. एकदाच वापरा. शैक्षणिक निबंधात, संशोधनपर लेखनात, कायदेशीर पत्रात टाळा. तिथे ‘फेस सिमिलर डिफिकल्टीज’ किंवा ‘आर इक्वली अफेक्टेड’ असं सरळ लिहावं. यातलं ‘इक्वली’ मात्र परिणाम खरंच सारखा असेल तरच.

कार्यालयातल्या रोजच्या ईमेलमध्ये बरोबरीच्या सहकाऱ्याला लिहिताना काहीच हरकत नाही.

सराव कसा करावा?

गेल्या आठवड्यात तुमची जी अडचण झाली ती घ्या आणि तीच अडचण असलेला एक खरा माणूस आठवा. त्याच्याबद्दल ‘ॲज’ वापरून एक वाक्य लिहा. मग ती अडचण सारखी आहे की सामायिक, ते कंसात मराठीत नोंदवा. सामायिक असेल तर त्यापुढे आणखी एक इंग्रजी वाक्य जोडा, ‘सो लेट अस…’ने सुरू होणारं : ‘वुई आर इन द सेम बोट, सो लेट अस शेअर द नोट्स.’ सारखी असेल तर ‘हाउ आर यू…’ने सुरू होणारा प्रश्न जोडा. थोड्या दिवसांत हे दुसरं वाक्य आपोआप जिभेवर यायला लागतं.